उसातील बिबट्या आणि माग ठेवणारा कॅमेरा : इशारा थोडा, पण खरा हवा

शिरूर तालुक्यातील पिंपरखेड व जांबूत या गावांत १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२५ या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसे दगावली. त्यांत दोन लहान मुले होती व एक वृद्ध स्त्री होती. लोकांचा क्षोभ झाला, रस्ते अडविले गेले, आणि अखेर पिंपरखेड परिसरात एका बिबट्यास गोळी घालावी लागली. तेव्हापासून कोणत्याही गावी सभेस गेले की पाणी, खते व बियाणे यांचे विषय बाजूला राहतात आणि एकच मागणी पुढे येते : "आमच्या वस्तीवर कॅमेरा आणि भोंगा बसवा."

मागणी रास्त आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके ज्यात मोडतात त्या जुन्नर वनविभागात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बिबट्या ओळखून इशारा देणाऱ्या यंत्रांचा उपयोग सुरूही झाला आहे. दौंड तालुका त्या विभागात नाही. तथापि भीमा व मुळा-मुठेच्या काठचा ऊस घोड नदीच्या काठच्या उसाहून निराळा नाही, आणि बिबट्या हद्दीचा दगड पाहून माघारी फिरत नाही. म्हणून पुढील विवेचन दोन्ही तालुक्यांतील शेतकरी बंधूंसाठी व गावपातळीवर काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांसाठी आहे.

काही दिवसांपूर्वी एका वस्तीवर जाण्याचा योग आला. गोठ्याच्या खांबावर कॅमेरा होता, भोंगाही होता, परंतु भोंग्याची तार काढून आढ्याला गुंडाळून ठेवलेली होती. कारण विचारता घरातील आजीबाई म्हणाल्या, "साहेब, लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोरासारखं आहे ते. पाखरू उडालं तरी ओरडतंय. नातवंडं झोपंना, मग काढून ठेवली तार." त्यांना दोष देणे मला शक्य झाले नाही. रात्रीतून दहादा खोटा ओरडणारा भोंगा अकराव्या वेळी खरे सांगत असला तरी तो ऐकावयास कोणी जागे नसते. भोंगे किती बसविले याची मोजदाद सर्वत्र होते. त्यांतील किती भोंग्यांच्या तारा अद्याप जोडलेल्या आहेत, हे मोजणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

खोटा इशारा का होतो, हे समजण्यासाठी यंत्र पाहते कसे ते थोडक्यात सांगतो. कॅमेरा सामान्यतः एका सेकंदास पंचवीस चित्रे घेतो व प्रत्येक चित्र असंख्य बारीक ठिपक्यांचे असते. सर्वांत साध्या पद्धतीत यंत्र स्थिर देखावा ध्यानात ठेवते आणि नव्या चित्रातून तो वजा करते. उरले ते हलणारे. ही रीत खोलीत किंवा मोकळ्या अंगणात बरी चालते. उसापुढे मात्र ती हार खाते, कारण वाऱ्याने उसाचे शेंडे, पाचट, केळीची पाने ही सारीच हलत असतात. रात्री ट्रॅक्टरच्या दिव्याचा झोत भिंतीवरून सरकतो तोही हालचाल म्हणूनच नोंदला जातो. कॅमेऱ्याच्या अदृश्य अवरक्त दिव्याभोवती पतंग जमतात. पतंगांमागे कोळी येऊन भिंगापुढेच जाळे विणतो, आणि काचेजवळचा तो इवलासा कोळी यंत्रास वासराएवढा दिसतो.

याहून पुढची पायरी म्हणजे आकार ओळखणे. हजारो छायाचित्रे दाखवून यंत्रास बिबट्या, कुत्रा, गाय, माणूस यांतील भेद शिकविलेला असतो. परंतु एकेका सुट्या चित्रावरून केलेला निवाडा चुकतो. अंधारात बसलेले पिवळे कुत्रे एखाद्या चित्रात बिबट्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. माणसाचीही तशी फसगत होते.

खरा उपयोग होतो तो तिसऱ्या पायरीचा, म्हणजे माग ठेवण्याचा. ज्वारीच्या माळ्यावर बसणाऱ्या जुन्या राखणदाराची आठवण येथे करावी. कणीस हलले की तो लगेच गोफण फिरवीत नसे. नजर त्या जागी ठेवी, पुढले कणीस हलते का, मग त्यापुढचे हलते का, हे पाही, आणि काहीतरी एका दिशेने चालले आहे अशी खात्री पटली म्हणजेच आरोळी देई. माग ठेवणारे यंत्र हेच करते. प्रत्येक चित्रात दिसलेला प्राणी पुढच्या चित्रात कोठे असावा याचा ते अंदाज बांधते, प्रत्यक्ष तो कोठे दिसला याच्याशी ताडून पाहते, व अंदाज सुधारीत जाते. या अंदाजासाठी आजही वापरात असलेली एक गणिती रीत रूडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली प्रसिद्ध केली. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांचा मार्ग ठरविण्यातही तिचा उपयोग झाला. वाऱ्याने डोलणारे पान तेथल्या तेथे मागेपुढे होते, पतंग वेडावाकडा भिरभिरतो, चालणारे जनावर मात्र सलग रेघेने पुढे सरकते. तेव्हा सलग काही चित्रांत माग टिकला, आणि त्यांतील बहुतेक चित्रांत "बिबट्या" असाच निवाडा आला, तरच भोंगा वाजावा, अशी यंत्राची मांडणी हवी.

"पण तेवढ्या वेळात बिबट्या येऊन पोहोचेल, त्याचे काय?" हा आक्षेप सभेत हटकून येतो. सावकाश चालणारा बिबट्या एका सेकंदात सुमारे एक मीटर पुढे येतो असे धरू. पंचवीस चित्रे पाहण्यास एक सेकंद लागतो, दोन सेकंद थांबले तर पन्नास चित्रे मिळतात, आणि बिबट्या दोन मीटर पुढे आलेला असतो. त्या दोन मीटरांच्या बदल्यात रात्रभराची शांत झोप व भोंग्यावरचा विश्वास मिळत असेल तर सौदा महाग नाही. झेप घेतलेल्या बिबट्यापुढे मात्र कोणताही भोंगा वेळेवर वाजणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. यंत्र बिबट्या आल्याची वर्दी देते. त्यास अडवीत नाही. जेथे अद्याप रात्रीच्या पाळीने वीज येते तेथे शेतकऱ्यास एकट्याने अंधारात दारे धरावी लागतात. त्याला दिवसाची वीज मिळावी ही मागणी कॅमेरा बसला म्हणून सोडू नये. गोठा बंदिस्त करणे व लहान मुलांना सांजवेळी उसाच्या कडेला एकटे न सोडणे यांतही ढिलाई नको.

कॅमेरा लावण्याच्या जागेविषयी माझे मत ठाम आहे. तो उसाकडे तोंड करून लावू नये. उसात शिरलेला बिबट्या कोणत्याच कॅमेऱ्यास दिसत नाही व दिसतात ती फक्त हलणारी पाने. बिबट्यास चालण्यास मोकळी वाट आवडते. म्हणून बांध, चारीचा रस्ता, ओढ्याचा उतार, तसेच ऊस व घर यांमधील साफ केलेला पट्टा यांवर नजर राहील असा तो लावावा. पट्ट्यातील गवत काढीत राहावे, भिंगावरील जाळी आठवड्यास पुसावी, आणि रस्त्यावरील वाहनांचे दिवे थेट भिंगावर येऊ देऊ नयेत.

अंतराचाही हिशोब करून पाहावा. आडवे १,९२० ठिपके असलेल्या व काटकोनात पसरलेला देखावा टिपणाऱ्या कॅमेऱ्यापुढे वीस मीटरवर सुमारे चाळीस मीटर रुंदीचा पट्टा मावतो, म्हणजे एका मीटरच्या वाट्यास ४८ ठिपके येतात. बिबट्याचे अंग सव्वा मीटर धरले तर तो साठ ठिपक्यांचा दिसेल, आणि तेवढ्यावर त्याची ओळख पटण्यास वाव आहे. तोच बिबट्या शंभर मीटरवर असता अवघा बारा ठिपक्यांचा उरतो. एका कॅमेऱ्यात पाच एकर राखून देतो असे कोणी सांगत असेल, तर त्यास हा हिशोब करून दाखविण्यास सांगावे.

आणखी एका गैरसमजाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. माग ठेवलेला बिबट्या उसाआड गेला की यंत्र काही क्षण त्याची वाट पाहते व मग तो माग सोडून देते. तोच बिबट्या तासाने बाहेर आला तर यंत्राच्या लेखी तो नवा असतो. एका रात्रीत भोंगा पाच वेळा वाजला म्हणून गावात पाच बिबटे आहेत अशी आवई उठते, ती अशीच. बिबटे मोजण्याची रीत निराळी आहे. अंगावरील ठिपक्यांची रचना प्रत्येक बिबट्याची वेगळी असते, तीवरून त्याची ओळख पटवितात. अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर, जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीने केलेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शेतीवस्तीच्या मुलखातील ही संख्या आहे, हे ध्यानात घ्यावे.

शेवटी गावपातळीवरील सहकाऱ्यांस एक विनंती. कॅमेरा बसलेल्या प्रत्येक वस्तीवर एक साधी वही ठेवावी. भोंगा केव्हा वाजला, पडद्यावर प्रत्यक्ष काय होते, वारा-पाऊस होता का, एवढे तीन रकाने पुरेत. खोट्या इशाऱ्याची चित्रे पुसून टाकू नयेत. यंत्र पुरविणाऱ्यांकडे ती परत पाठवावीत, कारण आपल्या भागातील कुत्री, वासरे व पाचट हे सारे दाखविल्यावाचून यंत्र ते शिकणार नाही. देखभालीचा करार करतानाच ही अट घालून घ्यावी. आणि खरा बिबट्या दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवून वेळ वहीत लिहावी. ऊसतोड सुरू झाली की फडातील आसरा मोडतो, बिबटे जागा बदलू लागतात, व तोडणी कामगारांच्या कोपी उघड्यावर पडतात. त्यांची पोरे रात्री तेथेच निजतात. त्यांच्या कोपींकडे तोंड असलेला कॅमेरा अद्याप मला कोठे दिसलेला नाही. पहिल्या वहीचे पहिले पान तेथील असावे.