उनाड शब्दांची नोंद

२०११ साली ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात ‘ओएमजी’ आणि ‘एलओएल’ दाखल झाले, तेव्हा मोबाइलवरच्या पोरांची ही भाषा कोशात कशाला, अशी ओरड झाली. कोशकारांनी ‘ओएमजी’चा माग काढला तो थेट १९१७ पर्यंत. ब्रिटिश नौदलातले ॲडमिरल फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात हे लघुरूप अर्थासकट सापडते. कालचे खूळ वाटणाऱ्या शब्दाचे वय असे नोंदीमुळेच कळते. म्हणून उनाड शब्दांची दखल घेणे हे कोशाचे कर्तव्यच आहे, असे आम्हांला वाटते.

ही ओरड जुनीच. १७१० साली जोनाथन स्विफ्ट ‘मॉब’, ‘बॅम्बूझल’ अशा शब्दांवर तुटून पडला. १७५५च्या कोशात सॅम्युएल जॉन्सनने दोन्ही घेतले. ‘बॅम्बूझल’पुढे मात्र ‘शुद्ध वा गंभीर लेखनात न येणारा’ अशा अर्थाचा शेरा मारला. आज ‘मॉब’ आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातही येतो. कोशात आले की मान्यता मिळाली, असे वाचक समजतो, हा आक्षेप खोटा नाही. पण त्यावरचा उपाय जॉन्सनच्या त्या शेऱ्यातच आहे. १९६१च्या वेब्स्टर कोशावर ‘एन्ट’ (ain’t) या रूपावरून गहजब झाला. त्यातला बराचसा अवास्तव होता, तरी ‘बोलीतला’ हा शेराच त्या कोशाने वापरातून काढला, ही टीका रास्त होती. शब्द घ्यावा आणि त्याची पायरीही सांगावी.

असले शब्द चार दिवसांचे पाहुणे असतात, असेही म्हणतात. ऑक्सफर्डचा कोश त्यासाठीच थांबतो: वेगवेगळ्या ठिकाणची स्वतंत्र उदाहरणे आणि पुरेसा काळ टिकलेला वापर दिसल्यावरच नोंद होते, आणि एकदा झालेली नोंद सहसा काढली जात नाही. पुढे शब्द मेला तरी जुनी पत्रे, जुनी नाटके वाचणाऱ्याला तो लागतोच.

दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने १९३२ ते १९३८ या काळात गोव्यापासून वऱ्हाडापर्यंतचे शब्द प्रांताच्या खुणांसह टिपले. कॉलेजच्या कट्ट्यावरचे आणि रिक्षा स्टँडवरचे आजचे मराठी शब्दही तसेच टिपायला हवेत: कुठे ऐकला, कोण वापरतो, पहिल्यांदा छापून कधी आला, या तपशिलांसह.