गारेचीही नोंद हवी

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या संत्रापट्ट्याला फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट दुहेरी झोडपते. मृग बहाराची फळं तेव्हा तोडणीला आलेली असतात आणि आंबियाचा फुलोराही त्याच सुमारास असतो. तडाखा काही मिनिटांचा, आणि गारांचं बघता बघता पाणी होतं. पटवारी बांधावर पोहोचेपर्यंत उरतो फक्त फळांचा सडा, त्यावरून नजरेनं टक्केवारी ठरते. नुकसानीच्या पंचनाम्यात गारेचा आकार, जात आणि वाऱ्याची दिशा यांचीही नोंद झाली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

कारण गार आणि गार सारखी नसते. ढगात शून्याखालीही न गोठलेले थेंब असतात. ते बर्फकणावर आदळून क्षणात गोठले तर हवा आत कोंडते आणि थर पांढरा होतो. पाणी भरपूर असलं आणि सावकाश गोठलं तर थर नितळ, टणक बनतो. मोठी गार मधोमध कापली की हे थर कांद्यासारखे दिसतात. साबुदाण्याएवढी मऊ गार फुलं झाडते, पण फळाला फारशी इजा करत नाही. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं, पडण्याचा वेगही वाढतो, म्हणजे मार जवळपास सोळापट. अशी मोठी गार वाऱ्याकडच्या फांद्यांची साल सोलते, जखमांतून बुरशी शिरते आणि फांद्या वाळू लागतात. पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपिटीची खबर 72 तासांत द्यायची असते. ही वाळ तेवढ्यात दिसणार कशी? बर्फाची जात नोंदवण्याची मागणी जगावेगळी नाही: ध्रुवीय समुद्रात जहाजांसाठी बर्फाची वर्गवारी केव्हाच पक्की झाली आहे. 10 सेंटिमीटरपर्यंतचा लवचिक पापुद्रा, 30 पर्यंतचा कोवळा बर्फ, त्याहून जाड तो पहिल्या वर्षाचा, आणि उन्हाळा काढून टिकलेला, खारं पाणी निथळून गेल्यानं जास्त कठीण झालेला जुना बर्फ. जहाज निभावेल की अडकेल, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

गारपिटीत शेतकऱ्यानं बाग सोडून गारा मोजायच्या का, असं कुणी विचारेल. मोजू नयेत. फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये फोमची पाटी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यानं मढवून उघड्यावर आडवी ठेवतात. तिच्यावरच्या खळग्यांवरून गारांचा आकार आणि संख्या कळते, तिरकेपणावरून वारा. जात कळायला दोन-चार गारा घरच्या फ्रीजरमध्ये टाकल्या तरी भागतं. याहून वजनदार आक्षेप आहे तो वेगळाच: हीच नोंद दाखवून विमा कंपनी दावा फेटाळेल. भीती रास्त आहे, गारपीट दोन शेतांतही वेगळी पडते. म्हणून गावात एक नव्हे, अनेक पाट्या हव्यात, त्यांची नोंद ग्रामपंचायतीत सर्वांना पाहायला खुली हवी, आणि पाटी कोरी राहिली एवढ्यावरून कुणाचा दावा नाकारता येणार नाही, हे नियमातच लिहिलेलं हवं. त्याच नोंदीच्या आधारे जिथे मोठी गार पडली तिथे पावसाळ्याआधी झाडांची दुसरी पाहणी व्हावी. पांढुर्णा 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे ही सुरुवात करायला छिंदवाड्याकडे बघत बसण्याचं कारण उरलेलं नाही.