हिसाबाची चावी कोणाच्या हाती?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या कापड-पेढ्यांवर लाल चोपड्या आता क्वचितच दिसतात. हिसाब संगणकात गेला आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर तर ज्यांना संगणकाचा तिटकारा होता, त्यांनाही तो घ्यावा लागला. हे चांगलेच झाले. परंतु या घाईत एक प्रश्न मागे राहिला. चोपड्या होत्या तेव्हा कपाटाची चावी मालकाच्या खिशात असे. आज हिसाब ज्या यंत्रात आहे, त्याची चावी कोणाजवळ आहे? बहुतेक पेढ्यांवर उत्तर मिळते, "तो कॉम्प्युटरवाला मुलगा आहे ना, त्याला सगळे माहीत आहे." हे उत्तर व्यापाऱ्याला शोभणारे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्व्हर म्हणजे काय?

प्रथम शब्दाची भीती काढून टाकू. डेटाबेस सर्व्हर म्हणजे लोखंडी पेटी नव्हे. तो एक प्रोग्रॅम आहे, आणि त्याचे काम चोपड्यांजवळ रात्रंदिवस बसलेल्या मुनीमाचे आहे. चोपडीला हात फक्त तोच लावतो. बाकीच्यांनी त्याला सांगायचे आणि त्याने लिहायचे.

एक गादी, एक संगणक, एक लिहिणारा एवढाच कारोबार असेल तर हा खटाटोप करू नये. साधे हिसाबाचे सॉफ्टवेअर पुरे आहे. परंतु गादी बाजारात, गोदाम दुसऱ्या टोकाला आणि दोन्हीकडे लिहिणारे वेगळे असतील, तर एकाच फाइलवर दोघांनी लिहिताना शेवटी ज्याने जतन केले त्याचे राहते आणि पहिल्याचे पुसले जाण्याचा धोका असतो. सर्व्हर हे होऊ देत नाही. कारखानदाराला जॉबवर सूत दिले, तर गोदामातून सूत वजा होणे आणि त्याच्या नावे पडणे या दोन नोंदी एकाच व्यवहारात बांधता येतात. मग दोन्ही होतात, किंवा एकही होत नाही.

जुन्या मुनीमांना त्याची आणखी एक रीत लगेच पटेल. आपण आधी रोजमेळात लिहीत असू आणि मग सवडीने खतावणीत चढवत असू. पोस्टग्रेएसक्यूएल नावाचा सर्व्हर नेमके हेच करतो. प्रत्येक बदल आधी एका रोजमेळासारख्या नोंदवहीत पक्का लिहितो, मग मूळ तक्त्यात चढवतो. मध्येच वीज गेली, तरी पुन्हा सुरू होताना तो ही नोंदवही वाचून खतावणी पुरी करतो. म्हणून "वेग वाढवतो" असे सांगून कोणी एफसिंक ही मांडणी बंद करत असेल, तर त्याला थांबवावे. ती बंद करणे म्हणजे रोजमेळ न लिहिता खतावणी भरणे होय.

बसवणे सोपे, सांभाळणे वेगळे

हा सर्व्हर फुकट मिळतो. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात १९८६ साली त्याच्या कामाला सुरुवात झाली आणि १९९६ साली त्याला आजचे नाव मिळाले. १९९५ साली आलेला मायएसक्यूएल आणि त्यातूनच पुढे निघालेला मारियाडीबी हेही फुकट मिळू शकतात. बसवायला जाणत्या माणसाला तासभर पुरतो. पण त्या तासात काही गोष्टी ठरतात, आणि त्या वेळी मालकाने शेजारी बसले पाहिजे.

पहिली गोष्ट पासवर्डची. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 'पोस्टग्रेस' नावाचा एक सर्वाधिकारी वापरकर्ता असतो. तो काहीही पाहू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. त्याचा पासवर्ड मालकाने ठरवावा. ज्या यंत्रावर सर्व्हर आहे त्या यंत्राचा मुख्य पासवर्डही मालकाकडेच हवा, कारण यंत्र ज्याच्या ताब्यात, त्याला सर्व्हरचा पासवर्ड बदलता येतो. पेढीचे सॉफ्टवेअर रोज याच सर्वाधिकारी नावाने चालवणे म्हणजे तिजोरीची चावी दुकानाच्या दाराला लटकवणे होय.

दुसरी गोष्ट दाराची. हा सर्व्हर साधारणतः ५४३२ क्रमांकाच्या दारावर हाक ऐकतो. मायएसक्यूएलचे दार ३३०६. कोणत्या पत्त्यावरून आलेल्या हाकेला उत्तर द्यायचे, हे ठरवता येते. तेथे गादी आणि गोदामाचेच पत्ते असावेत. "घरून बघता यावे" म्हणून सगळ्या जगाला दार उघडे ठेवणारे पुष्कळ आहेत. जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी नावाच्या दुसऱ्या एका डेटाबेसचे, पासवर्डाविना उघडे ठेवलेले हजारो सर्व्हर चोरट्यांनी पुसले आणि मागे खंडणीची चिठ्ठी ठेवली. त्यांनी कुलूप तोडले नाही, कुलूप नव्हतेच.

तिसरी गोष्ट अक्षरांची. सुरुवातीलाच यूटीएफ-८ ही अक्षरपद्धती निवडावी, म्हणजे पार्टीचे नाव मराठीत लिहा की उर्दूत, ते जसेच्या तसे राहील.

चौथी गोष्ट माणसांची. प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि कामापुरता अधिकार द्यावा. गोदामवाल्याने चलन लिहावे, पण त्याला खाते पुसता येऊ नये. दलालीचा हिसाब पाहणाऱ्याला मजुरीचा दर बदलता येऊ नये. यात कोणावर संशय नाही. उलट, उद्या काही गडबड झाली तर निरपराध माणसावर बोट ठेवले जात नाही. नोकरी सोडणाऱ्याचे नाव मात्र त्याच दिवशी बंद करावे.

बॅकअप असणे आणि बॅकअप चालणे

गिटलॅब या परदेशी कंपनीची हकीकत प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकावी अशी आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका इंजिनिअरने, आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत असे समजून, मुख्य सर्व्हरवरील डेटा पुसला. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरला होता. कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. गरज पडली तेव्हा एकही नीट उपयोगी पडली नाही. पीजी-डम्प हे बॅकअपचे साधन सर्व्हरपेक्षा जुन्या आवृत्तीचे होते. ते रोज अपयशी ठरत होते, आणि त्याची सूचना देणारे ईमेल कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. अपघाताच्या सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक नक्कल घेतली होती, तिच्यावर निभावले. सहा तासांच्या नोंदी गेल्याच. कंपनीने हे सर्व जगासमोर मांडले, ही त्यांची दियानतदारी. जिथे इंजिनिअरांची फौज आहे तिथे असे घडते, तर आपल्या पेढीवर "बॅकअप होत असेल" या भरवशाला काय अर्थ?

म्हणून रोज रात्री पीजी-डम्पने नक्कल घ्यावी. काम चालू असतानाही ती एका क्षणाची सुसंगत नक्कल देते. सर्व्हर चालू असताना डेटाचा फोल्डर नुसता कॉपी करणे हा बॅकअप नव्हे. वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड पीजी-डम्पमध्ये येत नाहीत. त्यांची नक्कल पीजी-डम्प-ऑल या साधनाने वेगळी घ्यावी. एक नक्कल पेढीबाहेर असलीच पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असे पाणी दुकानात शिरले, तर सर्व्हर आणि त्याच्या शेजारच्या खणातली नक्कल दोन्ही एकदमच भिजतात.

आणि महिन्यातून एकदा ती नक्कल दुसऱ्या यंत्रावर चढवून पाहावी. एकूण उधारी जुळते का, शेवटचा चलन क्रमांक तोच आहे का, गोदामातले ताके तेवढेच दिसतात का, हे मालकाने स्वतः पाहावे. त्यासाठी संगणकशास्त्र लागत नाही, हिसाब लागतो. आणि तो आपल्याला येतो.

"आम्हाला कुठे वेळ आहे?"

काही व्यापारीबंधू म्हणतील, हे सर्व क्लाउडवर ठेवले की झाले. क्लाउडने यंत्राची काळजी मिटते, हे खरे. पण तेथेही सर्वाधिकारी खाते कोणाच्या ईमेलवर आहे, नक्कल आपल्या हाती येते का, कंपनी बदलली तर डेटा कोणत्या स्वरूपात मिळतो, हे प्रश्न राहतातच. काही म्हणतील, मुलगा विश्वासू आहे. असेल. पण विश्वासू माणूसही आजारी पडतो, परगावी जातो, जास्त पगारावर दुसरीकडे जातो. एका पेढीवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्याशी पैशावरून वाद झाला, तर त्याने पासवर्ड देण्यास नकार दिला आणि पेढीला आपलीच उधारी दिसेना. अशा वादात नंतर कोणाची बाजू खरी ठरते, याने वसुली होत नाही. त्यामुळे काम देतानाच लेखी ठरवावे की डेटा पेढीचा, पासवर्ड पेढीचा, आणि काम संपले की सर्व अधिकार परत.

कायदाही इकडे पाहत आहे. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिसाब जपावा लागतो. नोंदणीकृत कंपन्यांना तर हिसाबाचा रोजचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची खूण राखणारे सॉफ्टवेअरच वापरावे लागते.

परंतु आपल्यासाठी कायद्याहून मोठी बाब आहे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याची आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा न करण्याची ताकीद आहे. आपल्या हिसाबात आपले एकट्याचे काही नसते. त्यात कारखानदाराची पिकाच्या दराने होणारी मजुरी असते, दलालाची दलाली असते, सूतवाल्याचे येणे असते. हिसाब गेला तर मोठा व्यापारी कसाबसा सावरतो. ज्याच्या हाती चलनाची एक चुरगळलेली पावती आहे तो लहान कारखानदार बुडतो. हा हुकूकुल इबादचा प्रश्न आहे. शिवाय मालकाचा इंतकाल झाला तर वारसांना वाटणी करण्याआधी कर्ज फेडावे लागते. पासवर्ड एकट्या नोकराच्या डोक्यात असेल, तर कोणाचे किती देणे आहे हे त्या वारसांना कोण सांगणार?

तेव्हा या आठवड्यात पेढीवर तीन गोष्टी कराव्यात. सर्वाधिकारी पासवर्ड बदलून तो बंद लिफाफ्यात घरच्या कपाटात ठेवावा आणि घरातल्या एका जबाबदार व्यक्तीला तसे सांगावे. कोणाकोणाला कोणता अधिकार आहे, याची यादी मागून ती वाचावी. आणि कालच्या रात्रीची नक्कल आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखवायला सांगावी. ती उघडली नाही, तर आपला हिसाब आजमितीस एकाच डिस्कच्या आधारावर उभा आहे, असे समजून त्याच दिवशी कामाला लागावे.