देवळाचे अंगण आणि शेजारची मुले

कॅथॉलिक तरुणमंडळांना आपल्या धर्माचा अभ्यास करावयाचा आहे, आणि तो सृष्टीस ओरबाडल्यावाचून कसे राहावे या प्रश्नाच्या अंगाने करावयाचा आहे. त्यासाठी आपली व्रते, पत्री, अन्नसंतर्पण, विसर्जन पाहावयास ती देवळात आली, तर त्यांस येऊ द्यावे काय? प्रतापनगरात आरतीनंतर ओट्यावर हा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेले असते : "त्यांचे त्यांनी पाहावे. आज मुले येतील, उद्या पाद्री येतील." आम्हांस हे उत्तर भित्रेपणाचे वाटते, आणि खोटेही.

भित्रेपणाचे अशासाठी की, जो मुलगा स्वतःचाच धर्म समजून घेण्यास निघाला आहे, तो आपल्या मुलाचा धर्म बुडवील ही भीती आपल्याच श्रद्धेचा अपमान करते. बळाने वा फसवून होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध गुजरातेत २००३ पासून कायदा आहे. तो त्याचे काम करील. शिवाय हे बडोदे आहे. येथल्याच कॉलेजात सयाजीराव महाराजांनी धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी प्राध्यापकाची जागा निर्माण केली आणि तीवर एका इंग्रज पंडितास बसविले. १९३३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत महाराज स्वतः बोलले. त्यामुळे येथील एकही देव गाभारा सोडून गेल्याचे ऐकिवात नाही!

दुसरा आक्षेप जरा विद्वत्तेचा. "त्यांच्या ग्रंथात मनुष्य हा पृथ्वीचा धनी, आम्ही तिला आई म्हणतो. आमचे त्यांस काय कळणार?" असे म्हणणाऱ्यांनी पोप फ्रान्सिस यांचे २०१५ सालचे 'लाउदातो सी' हे पत्र चाळलेले नसते. मनुष्यास पृथ्वी लुटण्याचा परवाना मिळाला आहे हा अर्थ त्या पत्राने साफ नाकारला आहे. जमीन कसावी तशी राखावीही, असा त्याचा रोख आहे. पत्राचे नाव ज्या स्तोत्रावरून घेतले, त्यात असिसीच्या संत फ्रान्सिसाने सूर्याला भाऊ आणि पृथ्वीला बहीण व आई म्हटले आहे. हे आपल्याला परके वाटते काय?

पत्राचे असो, माणसे पाहा. वसईची हिरवी पट्टी इमारतींच्या घशात जाऊ लागली, टँकरवाले तेथल्या विहिरींचे पाणी उपसून नेऊ लागले, तेव्हा १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'हरित वसई'च्या चळवळीत पुढे उभे राहिले ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या विहिरींत हिंदूंचे पाणी निराळे आणि ख्रिस्त्यांचे निराळे नव्हते. याच दिब्रिटोंची २०२० च्या उस्मानाबाद साहित्यसंमेलनासाठी अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हा ते पाद्री आहेत एवढ्याच कारणाने काही मंडळींनी विरोध केला. दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. त्या विरोधाची लाज आम्हांस अजून वाटते.

आमच्या गोमंतकीय वाचकांस तर हे सांगावयासच नको. राय गावी ५ ऑगस्टला 'कणसाचें फेस्त' होते, भाताची पहिली कणसे आशीर्वादासाठी चर्चमध्ये जातात; आणि चतुर्थीच्या सुमारास तशीच कणसे आपल्या घरी 'नवें' म्हणून पूजेस येतात. शेत तेच, पाऊसही तोच.

आता खोटेपणाविषयी. आपण मुलांना टाळतो ते ती ख्रिस्ती आहेत म्हणून नव्हे, ती पाहतील म्हणून. काय पाहतील? विश्वामित्री पावागडावर उगम पावते. त्याच डोंगरावर कालिकामातेच्या दर्शनास आपण जातो, आणि खाली शहरात आलेल्या त्याच पाण्यात निर्माल्य टाकतो, तेही प्लास्टिकच्या पिशवीची गाठ न सोडता. मगर हे खोडियार मातेचे वाहन. पण नदीतल्या खऱ्या मगरी आपल्या कचऱ्यात राहतात. नदीच्या घळी बुजवून घरे उठली तेव्हा कोणत्या देवळाने हूं की चूं केले? ऑगस्ट २०२४ मध्ये २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ३५ फुटांच्या वर गेले, मगरी रस्त्यांवर आल्या, तेव्हा आपण नवस बोललो. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई करणारे नियम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्येच काढले. आपल्या किती मंडळांनी शाडू धरला, हे ज्याचे त्याने मोजावे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : मुलांना बोलवा. त्यांना नमस्कार करावयास लावू नका, प्रसादाचा आग्रह नको, प्रवचन तर नकोच. पळसाच्या पत्रावळीवर जेवू घाला आणि त्या पत्रावळीचे पुढे काय होते ते दाखवा. कोणती पत्री कोणत्या महिन्यात का, हे सांगणारी एखादी आजी अजून आपल्यांत आहे. तिला त्यांच्यापुढे बसवा. त्यांनी आपल्या शास्त्रातून काही विचारले तर ऐका. मात्र देवळामागे निर्माल्याचा जो ढीग सडतो आहे, तो त्यापूर्वी खड्ड्यात घालून खत करावयास हवा. विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत आम्ही आधी त्या खड्ड्याचा विषय मांडणार आहोत, पाहुण्यांचा नंतर.