विश्लेषण : ‘बार्बेक्यू स्टॉपर’ म्हणजे काय? ऑस्ट्रेलियाचे राजकारण अंगणातल्या गप्पांना का घाबरते?

ऑस्ट्रेलियात सुट्टीच्या दिवशी शेजारीपाजारी, मित्र आणि नातेवाईक घरामागच्या अंगणात जमतात. शेगडीवर सॉसेज भाजली जातात आणि गप्पा क्रिकेटपासून हवामानापर्यंत भटकत राहतात. इतक्यात कुणी तरी असा विषय काढतो की सॉसेज उलटायचे राहून जाते आणि सगळेच तावातावाने बोलू लागतात. अशा विषयाला तिथे ‘बार्बेक्यू स्टॉपर’ म्हणतात.

शब्दाचा नेमका अर्थ काय?

शब्दशः अर्थ ‘बार्बेक्यू थांबवणारा’. त्यामुळे हा विषय सगळ्यांना गप्प करणारा असावा असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात अर्थ जवळजवळ उलटा आहे. लोक हातातले काम सोडून वादात उतरतात, इतका तो प्रत्येकाच्या घराशी जोडलेला असतो. आपल्याकडे पारावर किंवा कट्ट्यावर एखादा विषय पेटतो, तसेच हे.

राजकारणात तो कसा आला?

हा शब्द गाजवला तो जॉन हॉवर्ड यांनी. १९९६ ते २००७ या काळात ते पंतप्रधान होते. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नोकरी आणि कुटुंब यांचा मेळ कसा घालायचा, या प्रश्नाला ‘बार्बेक्यू स्टॉपर’ म्हटले. तोवर हा ‘बायकांचा प्रश्न’ म्हणून बाजूला टाकला जाई. पुराणमतवादी पंतप्रधानानेच तो घराघरांतला प्रश्न असल्याचे मान्य केले, याला महत्त्व होते.

मग प्रश्न सुटला का?

लगेच नाही, आणि खरी गोम इथेच आहे. २००२ मध्ये तत्कालीन लिंगभेदविरोधी आयुक्त प्रू गोवर्ड यांनी सरकारी खर्चाने १४ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा सुचवली. हॉवर्ड सरकारने ती स्वीकारली नाही. त्याऐवजी २००४ मध्ये प्रत्येक बाळामागे तीन हजार डॉलर एकरकमी देण्याची योजना आणली. पैसे हातात पडले, पण बाळंतपणानंतर नोकरी आणि घर कसे सांभाळायचे, हा पेच तसाच राहिला.

देशव्यापी पगारी पालक रजा जानेवारी २०११ मध्ये सुरू झाली. तेव्हा मजूर पक्षाचे सरकार होते. रजा १८ आठवड्यांची, तीही किमान वेतनाच्या दराने. ती टप्प्याटप्प्याने वाढवत जुलै २०२६ पासून २६ आठवडे करण्याचा कायदा २०२४ मध्ये झाला. त्याच वर्षी ऑगस्टपासून कामाची वेळ संपल्यावर साहेबाच्या फोनला उत्तर न देण्याचा हक्कही कर्मचाऱ्यांना मिळाला. म्हणजे अंगणातली चर्चा कायद्याच्या पुस्तकात नीट उतरायला दोन दशके लागली.

अंगणात कोण नसते?

या शब्दाची दुसरी मर्यादा त्याच्या जागेतच आहे. घरामागचे अंगण हे स्वतःचे घर असलेल्या, स्थिरावलेल्या कुटुंबाचे चित्र आहे. घरांच्या किमती हा तिथला आजचा पेटता विषय. पण तोच विषय घरमालकाच्या अंगणात एका सुरात बोलला जातो आणि भाडेकरूच्या खोलीत दुसऱ्या. नेत्याच्या कानावर कोणता सूर आधी पडतो, हे सांगायला नको.

सिडनी-मेलबर्नमध्ये गेलेल्या मराठी कुटुंबांनाही हे लागू पडते. तात्पुरत्या व्हिसावर काम करणाऱ्यांना सरकारी पालक रजेचा लाभ साधारणपणे मिळत नाही. बार्बेक्यूचे आमंत्रण असते, कर कापला जातो, पण ज्या रजेवर एवढा वाद झाला ती त्यांच्या वाट्याला येत नाही.

शब्दाचे मोल किती?

तरीही हा शब्द उपयोगी आहे. लोकांच्या घरात काय सलते आहे, हे तो राजकारण्यांना सांगतो. मात्र प्रश्नाला चटकदार नाव दिले की तो सोडवल्याचे श्रेय आपोआप मिळते, असा समज नेत्यांनी करून घेऊ नये आणि मतदारांनीही होऊ देऊ नये. ‘हा सगळ्यांच्या तोंडी असलेला विषय आहे,’ असे एखादा नेता म्हणतो, तेव्हा पुढच्या अर्थसंकल्पात त्यासाठी काय आहे आणि ते कुणाला मिळणार नाही, एवढे दोन प्रश्न विचारावेत. चर्चा थांबवायची ती उत्तर मिळाल्यावरच.