ससाण्याच्या पायातले कडे



रानातला पक्षी जाळ्यात धरायचा, त्याचे पंख मोजायचे, पायात नंबरचे कडे अडकवायचे आणि सोडून द्यायचे. कोणी म्हणेल, ही कसली करुणा? आम्ही म्हणतो, आधी नागालँडची हकीकत ऐका.

वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण झाले आणि पांगती गावाची शेतजमीन पाण्याखाली गेली. लोक मासेमारीकडे वळले. दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेथे सायबेरिया आणि चीनकडून अमूर ससाणे लाखोंनी उतरतात. मासे धरणारी जाळी मग पक्ष्यांसाठीही टांगली गेली. २०१२ साली ऐन हंगामात रोज बारा ते चौदा हजार ससाणे मारले जातात, असा अंदाज पाहणी करणाऱ्यांनी मांडला. ते विकून लोकांची घरे चालत होती.

देशभर ओरड झाली. गावाने शिकार बंद केली. २०१३ साली भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच ग्रॅमची, उन्हावर चालणारी यंत्रे बसवली. हा पक्षी जेमतेम दीडशे ग्रॅमचा. ओझे जास्त झाले तर तो समुद्रावरच दमून पडेल. म्हणून आधी वजन घ्यावे लागते. नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. उपग्रहामुळे त्यांची वाट कळली. अरबी समुद्र न थांबता ओलांडून ते आफ्रिकेत जातात. पुढच्या वर्षी नागा आणि पांगती दोयांगला परत आले. कड्याचेही काम असेच. तो पक्षी पुन्हा कुठे सापडला, तर नंबरावरून त्याचा प्रवास समजतो.

धम्म का आवडतो हे सांगताना बाबासाहेबांनी १९५६ साली प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे एकत्र सांगितली. मोजमाप ही प्रज्ञा. जाळी उतरवली ही करुणा. आणि समता? धरणात ज्यांची जमीन गेली, त्यांनीच पुन्हा हातची कमाई सोडली. शहरात बसून ‘पक्षी वाचवा’ म्हणणाऱ्याचे काही गेले नाही. पहिले शील आपण रोज घेतो, पण ते पाळण्याचा खर्च एकट्या गरिबाच्या चुलीवर पडू नये.

ससाण्याचे वजन ग्रॅमपर्यंत मोजले जाते. त्याला जगू देणाऱ्या घरात काय कमी झाले, तेही तितक्याच काळजीने मोजले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

जयभीम! नमो बुद्धाय!