मान्यता कोणाची?

(द्वितीय वर्ष, कला)

बारावीचा निकाल लागला की आपल्या भिवंडीत पत्रकांचा मोसम सुरू होतो. धामणकर नाक्यापासून कल्याण नाक्यापर्यंत विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर आणि वर्तमानपत्रांच्या घडीत ही पत्रके सापडतात. पूर्वी त्यांवर टायपिंगचे आणि शिवणकामाचे वर्ग असत, असे घरची मोठी माणसे सांगतात. शहराभोवती गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्यापासून आता 'लॉजिस्टिक्स मॅनेजमेंट', 'वेअरहाऊस सुपरवायझर', 'एअरपोर्ट ग्राउंड स्टाफ' अशी नावे दिसतात. कोर्स कोणताही असो, एक शब्द मात्र ठळक अक्षरांत असतो : 'मान्यताप्राप्त'. कोणाची मान्यता, हे बहुतेक पत्रकांवर नसते. या एका शब्दाविषयी मला माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींशी आणि प्राध्यापकवर्गाशी थोडे बोलायचे आहे.

कोणी म्हणेल, ज्याला फसायचे तो फसणारच. पैसे भरण्यापूर्वी चौकशी नको का करायला? हे म्हणणे ज्यांच्या घरात चौकशी करणारा माणूस आहे त्यांच्यापुरते खरे आहे. ज्या घरातला काका प्राध्यापक आहे किंवा ताई एम. ए. झाली आहे, तिथे जेवताना सहज प्रश्न निघतो, 'अरे, हे कोणत्या युनिव्हर्सिटीला जोडलेले आहे?' आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. माझे वडील यंत्रमागावर कारागीर. ताका नुसता हातावर घेतला तरी धागा कोठे तुटला, काठ कोठे ओढला गेला हे ते सांगतात. कापडात त्यांना कोणी फसवू शकणार नाही. पण शिक्षण हा माल असा चाचपून पाहता येत नाही. तो चांगला की वाईट हे दोन-तीन वर्षांनी कळते आणि तोपर्यंत पैसाही गेलेला असतो, वयही गेलेले असते. म्हणून आमच्यासारखी घरे 'मान्यताप्राप्त' या शब्दावर विसंबतात. दुसऱ्यांच्या घरी जे काम शिकलेला काका करतो, ते आमच्या घरी हा शब्द करतो. त्यामुळे या शब्दाशी जो खेळतो, तो नेमके आम्हालाच लुबाडतो.

तेव्हा मान्यता म्हणजे काय, हे आधी नीट पाहिले पाहिजे. आपल्या देशात पदवी कोणी द्यावी हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याने ठरवले आहे. त्याच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. आपले कॉलेज स्वतः पदवी देत नाही; ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे आणि पदवी विद्यापीठ देते. तंत्रशिक्षण आणि व्यवस्थापन यांच्यासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद आहे. ती १९४५ साली निघाली आणि १९८७ च्या कायद्याने तिला अधिकार मिळाले. आपल्या राज्यात बहुतेक पॉलिटेक्निकच्या पदविकांची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. 'नॅक' ही १९९४ साली स्थापन झालेली निराळीच संस्था. ती पदवी देण्याचा अधिकार देत नाही. कॉलेजचा दर्जा तपासून ठरावीक वर्षांपुरती श्रेणी देते. संलग्नता, मान्यता आणि अधिस्वीकृती हे असे तीन वेगळे शब्द आहेत. आपण सर्वजण बोलताना ते एकाच पिशवीत टाकतो, आणि जाहिरात करणाऱ्याला तेच हवे असते.

कारण पत्रकावरची मान्यता बहुधा या तिन्हींपैकी कोणतीच नसते. खाली बारीक अक्षरांत पाहावे तर 'भारत सरकार नोंदणीकृत' असे लिहिलेले असते. म्हणजे काय? दुकान म्हणून केलेली नोंदणी, कंपनी किंवा संस्था म्हणून केलेली नोंदणी, नाहीतर लहान उद्योगांसाठी असलेली 'उद्यम' नोंदणी. अशी नोंदणी पिठाच्या गिरणीलाही मिळते. 'आय. एस. ओ.' हे प्रमाणपत्र कामकाजाच्या पद्धतीविषयी असते. तुमच्या डिप्लोम्याला पुढे कोणी विचारील की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. गंमत अशी, की यातले एकेक विधान घेतले तर ते खोटे नसते; सगळी मिळून वाचली म्हणजे मात्र खोटी होतात.

माझ्या मावसभावाचे उदाहरण सांगते. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. बारावीनंतर त्याने एक वर्षाचा 'लॉजिस्टिक्स'चा डिप्लोमा केला. फी पंचेचाळीस हजार. मावशीने भिशी उचलली आणि कानातले गहाण ठेवले. वर्ग आठवड्यातून तीन दिवस भरत. शिकवणारे दर दोन महिन्यांनी बदलत. शेवटी सोनेरी काठाचे सर्टिफिकेट मिळाले आणि मावशीने त्याला फ्रेम करून घेतली. मानकोलीच्या बाजूला एका गोदामात तो कामाला लागला. तिथल्या साहेबांनी ते सर्टिफिकेट उघडूनही पाहिले नाही. कपाटांतून माल शोधून टोपलीत भरण्याचे जे काम त्याला मिळाले, तेच काम शेजारच्या दहावी झालेल्या मुलाला त्याच पगारावर मिळाले होते. पुढे त्याने पॉलिटेक्निकमध्ये चौकशी केली, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटासुलटा करून विचारले, 'यावर बोर्डाचे नाव कुठे आहे?' पैसे गेल्याचे दुःख त्याला होतेच. पण त्याहून अधिक सलली ती 'एवढी साधी गोष्ट आपल्याला कळली नाही' ही लाज. आजही तो नातेवाइकांत हा विषय काढू देत नाही. अशा संस्था या लाजेवरच चालतात. फसलेला माणूस बोलत नाही आणि पुढच्या वर्षी नवी मुले येतात.

हा प्रकार फक्त गल्लीतल्या दोन खोल्यांपुरता आहे, असे मात्र कोणी समजू नये. 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट' ही संस्था १९७३ साली दिल्लीत निघाली. पुढे मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत तिच्या शाखा झाल्या. मोठ्या वर्तमानपत्रांत तिच्या पानपानभर जाहिराती येत आणि आय. आय. एम.च्या पलीकडचा विचार करा, असे त्यांत आवाहन असे. फी लाखांच्या घरात होती. तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता मात्र नव्हती. २००५ साली मुंबईच्या 'जॅम' या तरुणांच्या नियतकालिकाने त्या जाहिरातींतले दावे तपासून पाहणारा लेख छापला. २०११ साली 'कॅरव्हॅन' मासिकात संस्थेच्या प्रमुखांवर मोठा लेख आला, तेव्हा आसामातल्या सिलचरच्या कोर्टात पन्नास कोटी रुपयांचा दावा गुदरण्यात आला. अखेर सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या संस्थेला आपल्या अभ्यासक्रमांसाठी 'एम. बी. ए.', 'बी. बी. ए.', 'बिझनेस स्कूल' असे शब्द वापरण्यास मनाई केली आणि २०१५ साली तिच्या दिल्लीबाहेरच्या शाखा बंद झाल्या. स्थापनेपासून निकालापर्यंत एक्केचाळीस वर्षे! न्यायालयाला बंदी घालावी लागली ती शब्दांवर, हे लक्षात घेण्यासारखे आहे. विक्री शब्दांचीच चालली होती.

आपल्याकडे कायद्याने शिक्षण हा नफ्याचा धंदा नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना वाट मोकळी झाली. त्यामागोमाग देणग्यांचा सुळसुळाट झाला आणि १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. २००२ साली टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी सांगितले, की खाजगी संस्थेने वाजवी शिल्लक ठेवावी, नफेखोरी करू नये. पण हे सारे झाले कॉलेजांसाठी. पत्रकवाल्या करिअर संस्था या चौकटीच्या बाहेरच राहतात. विद्यार्थी दारात आला की त्या कॉलेज असतात आणि तपासणीचा प्रश्न निघाला की दुकान!

मग मान्यतेचा शिक्का आला म्हणजे सगळे ठीक होते काय? तसेही नाही. अमेरिकेत नफ्यासाठी चालणारी कॉलेजे कायद्याने उघडपणे चालतात आणि त्यांना अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थाही खाजगी असतात. त्यांचा खर्च त्याच कॉलेजांच्या वर्गणीतून भागतो. 'कोरिंथियन' या कंपनीची कॉलेजे अशी रीतसर अधिस्वीकृत होती. एप्रिल २०१५ मध्ये ती अचानक बंद पडली आणि सुमारे सोळा हजार विद्यार्थी रस्त्यावर आले. २०२२ साली तिथल्या सरकारला या कंपनीच्या पाच लाख साठ हजार आजी-माजी विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज माफ करावे लागले. तिच्या अनेक कॉलेजांना शिक्का देणाऱ्या संस्थेचीच मान्यता सरकारने २०१६ साली काढली. मध्ये ती परत मिळाली आणि २०२२ मध्ये कायमची गेली. आणि आपल्याकडे? फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खाजगी अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सी. बी. आय.ने 'नॅक'च्या पाहणी समितीतल्या माणसांना अटक केली. आरोप सिद्ध होणे न होणे कोर्टाचे काम. पण समिती यायच्या आधी कॉलेजांच्या भिंतींना रंग लागतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की मान्यता हे थोतांडच आहे, कौशल्य असले की झाले. मला तो पटत नाही. आपल्याच महाराष्ट्रात महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्याला सरकारची मान्यता नव्हती. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९५१ साली. मधली पस्तीस वर्षे मुली तिथे शिकल्या. मग कर्व्यांची संस्था आणि आजची पत्रकवाली संस्था यांत फरक काय? फरक हा, की कर्व्यांनी मान्यता नाही हे लपवले नाही आणि त्यातून स्वतःचा खिसा भरला नाही. उलट गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. मान्यता नसणे हा गुन्हा नव्हे. ती नसताना आहे असे भासवणे आणि त्या भासाची किंमत घेणे, हा गुन्हा आहे.

दुसरे उदाहरण अगदी आपल्या शेजारचे आहे. टायपिंगचे वर्ग खाजगी असतात, मालक फीवर पोट भरतो, आणि त्यात गैर काही नाही. पण परीक्षा त्याच्या हातात नसते. ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. म्हणून त्या सर्टिफिकेटला सरकारी कचेरीत किंमत आहे. विणणारा निराळा आणि फोल्डिंगला ताका तपासणारा निराळा, हे आपल्या शहरातल्या कोणत्याही कारखान्यात समजते. शिक्षणातच ते का समजू नये? शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि शिक्का मारणारा जर एकच असेल, आणि तोच फीही घेत असेल, तर त्या शिक्क्याला अर्थ कसला?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. फी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला पत्रकावर आणि पावतीवर एक ओळ मोठ्या अक्षरांत छापण्याची सक्ती व्हावी : या अभ्यासक्रमाला अमुक संस्थेची अमुक सालापर्यंत मान्यता आहे, किंवा मुळीच नाही. ही ओळ इंग्रजीत लपवू नये. भिवंडीत ती मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि तेलुगूतही हवी, कारण पद्मानगरातल्या आईलाही ती वाचता आली पाहिजे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपण काही करू शकतो. तीन प्रश्न विचारायला फार विद्वत्ता लागत नाही : परीक्षा कोण घेतो? सर्टिफिकेटवर सही कोणाची असते? आणि ते घेऊन पुढे कोणत्या वर्गात प्रवेश मिळतो? उत्तर आले की ते त्या विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या यादीत पडताळून पाहावे. संस्थेच्या भिंतीवरच्या फ्रेमवर विश्वास ठेवू नये. बनावट विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग स्वतःच प्रसिद्ध करतो; तीत आपल्या नागपूरच्याही एका संस्थेचे नाव वर्षानुवर्षे येत आले आहे.

आपल्या कॉलेजात आज माझ्यासारखी कितीतरी मुलेमुली आहेत, ज्यांच्या घरात हे प्रश्न विचारणारे दुसरे कोणी नाही. आता आपणच आपल्या गल्लीतले ते शिकलेले काका आणि ती शिकलेली ताई आहोत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी बारावीच्या निकालानंतरचे पंधरा दिवस कॉलेजच्या फाटकाशी एक टेबल लावावे. कोणीही पत्रक घेऊन यावे आणि आपण ते त्याच्यासमोर तपासून द्यावे. यासाठी दोन खुर्च्या, एक मोबाईल आणि थोडा संयम एवढेच लागेल. प्राचार्यांनी आणि योजनेच्या प्रमुखांनी याचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. नावे लिहून घ्यायची झाली तर पहिले नाव माझे घ्यावे.